जीर्ण कागदांचे छायांकन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आमचा आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल; परंतु आपल्या मुलामुलींचे शिक्षण व नोकरी पुष्कळदा त्यावर अवलंबून असते. जात पडताळणी समितीपुढे इतर मागासवर्गीयांस 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींस 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुने खरेदीखत, पणजोबांचे मोडी पत्र हे कागद आज आपल्या पेट्यांत झिजत आहेत.

इतिहासाचार्य राजवाडे घरोघरी हिंडले, म्हणून कित्येक दप्तरे वाचली. आपल्या दप्तरासाठी असे कोणी येईल, या आशेवर राहण्यात अर्थ नाही. हे काम घरच्यांनीच केले पाहिजे.

हातबनावटीचा जुना दौलताबादी किंवा जुन्नरी कागद टिकाऊ. लाकडाच्या लगद्याचा पुढील काळातील कागद मात्र आपल्याच आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात नागपूरचा वैशाख! पारा 45 अंशांवर गेला की कागदातील ओल उडते आणि घडी उलगडताच तिचे तुकडे होतात. म्हणून हे काम उन्हाळ्यात काढू नये. पावसाळा लागल्यावर कागद किंचित मऊ होतो. उघडिपीचा दिवस पाहून घड्या सावकाश उलगडाव्यात. बळ करू नये. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच बसू नये.

हात धुऊन कोरडे करावेत. थुंकी लावून पान उलटू नये. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. कागद ओढून घेणाऱ्या यंत्रात जीर्ण पत्र कधीही घालू नये. सपाट काचेचा स्कॅनर वापरावा आणि पत्राखाली जाड कोरा कागद धरून ते उचलावे. शिवलेली वही काचेवर दाबू नये. दोन्ही बाजूंस कापडाच्या घड्यांचा आधार देऊन ती सहज उघडेल तेवढीच उघडावी व वरून छायाचित्र घ्यावे. त्यासाठी मोबाईलही चालतो. मात्र तो स्थिर असावा, उजेड खिडकीचा असावा व फ्लॅश बंद असावा. प्रतिमा रंगीत आणि इंचास किमान 300 ठिपक्यांची असावी, बारीक अक्षरास 600. पाठची बाजूही घ्यावी. शिक्का किंवा शेरा बहुधा तेथेच असतो.

प्रतिमेस घराण्याचे नाव, वर्ष व कागदाचा प्रकार द्यावा. तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक परगावच्या आप्तांकडे ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रतिमा झाली म्हणून मूळ कागद टाकू नये. समिती मूळ कागद मागू शकते. मूळ कागदास वारंवार हात लागू नये, एवढ्यासाठीच प्रतिमा घ्यावयाची. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये. ते पुन्हा निघत नाही.

येत्या श्रावणात प्रत्येक घराने आपली एक पेटी उघडावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.