बासनाची गाठ

गावोगावची ग्रंथालये सांभाळणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मलकापुरात आपले मनापासून स्वागत. कचेरीतले प्रकरण ‘बासनात गुंडाळले’ की ते मेले, असे आपण धरून चालतो. पोथीचे उलटे आहे. लाल कापड, आत वेखंडाचा तुकडा आणि वर घट्ट गाठ, एवढ्यावर आमच्या आजीने देव्हाऱ्यातली पोथी जन्मभर जपली. तिला अक्षरओळख नव्हती.

आपल्या जिल्ह्यातली लोणार आणि मेहकर ही गावे महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, भेटतात. चक्रधरस्वामींना पाहिलेली माणसे गाठून म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास एकेक आठवण टिपून घेतली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यात हिराइसेचा पाठ नावाजलेला. या बाईंना व्यक्ती म्हणावे की ग्रंथालय, हे इथल्या तज्ज्ञांनी ठरवावे!

कधी ग्रंथ स्मरणाने वाचतो, तर कधी चक्क आगीने. इराकमधल्या निनेव्हे नगरीत असुरबनिपाल राजाचा ग्रंथसंग्रह होता, मातीच्या पाट्यांवर लिहिलेला. इसवी सनापूर्वी 612 साली शत्रूने नगरी जाळली आणि त्या आगीत कित्येक पाट्या भाजून आणखी पक्क्या झाल्या. गिल्गमेशची कथा जगाला पुन्हा सापडली ती तिथल्या पाट्यांतून. आपल्या कागदाला आगीची ही मेहेरबानी नाही. वाळवी तर बारमाही.

महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. त्यामुळे त्या वाचल्या, पण बाहेरच्यांना वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यांतल्या सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कुठे ही कोठारे उघडली. पुढे लीळाचरित्राच्या अनेक प्रती ताडून डॉ. वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली आवृत्ती 1978 साली निघाली. कोलते आमच्याच तालुक्यातल्या नरवेलचे, जन्म 1908चा. हे सांगताना आवाज थोडा चढला असेल, तर माफ करा.

नुसते जपणे मला अर्धेच काम वाटते. पोथीवर हळद-कुंकू वाहून ती कधीच न उघडणारी घरे मी पाहिली आहेत. आमचेही त्यातलेच होते. म्हणून शेजारच्या खोलीत छायाचित्रणाची सोय केली आहे. पोथी आम्हांला ठेवून घ्यायची नाही. मालकाच्या डोळ्यांदेखत पाने टिपू आणि बासन पुन्हा बांधून हातात देऊ.

उद्या सकाळी आठला नरवेलची गाडी सुटेल. न्याहारी इथेच करून निघायचे आहे.