शाळेच्या भिंतीपलीकडील शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात साजरा केला. त्या मुलामुलींचे मीही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु हा सत्कार चालू असता मागील रांगांत बसलेल्या, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांकडे माझे लक्ष वारंवार जात होते. ही आठवी-नववीची मुले. शालान्त परीक्षेचा फास अद्याप त्यांच्या गळ्यात पडलेला नाही आणि बालपण तर मागे सरले आहे. आपणही कोणाच्या तरी उपयोगी पडावे, मोठ्यांच्या जगात आपल्यालाही जागा मिळावी, अशी ओढ या वयात जितकी तीव्र असते तितकी ती पुढे क्वचितच राहते. नेमक्या याच दोन वर्षांत आपण त्यांना शाळेतून शिकवणीच्या वर्गात आणि शिकवणीच्या वर्गातून घरच्या टेबलापाशी नेऊन बसवतो. या वयाच्या मुलांना वर्गाबाहेर काय शिकता येईल आणि त्या कामी आपल्यासारखी ज्ञातिसंस्था काय करू शकेल, एवढाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, असे आपण सारेच म्हणतो. आता एखाद्या मुलाने एक मीटरची काठी अंगणात किंवा गच्चीवर ओळंब्यात उभी करून महिन्यातून दोनदा तिची दुपारची सावली मोजावी. डिसेंबरच्या २२ तारखेस पुण्यात ती सावली सर्वांत आखूड असतानाही सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. म्हणजे सूर्य डोक्यावर नाही, तो दक्षिणेकडे बराच कललेला आहे. शिवाय सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला पडत नसून साडेबाराच्या मागेपुढे पडते, हेही त्याच्या ध्यानी येईल. आपले घड्याळ पुण्याच्या सूर्यावर चालत नसून साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर चालते, हे भूगोलाचे वाक्य त्या दिवशी त्याला प्रथम कळेल. मे महिन्याच्या मध्यास एक दिवस काठीची सावली नाहीशी होईल. पुढे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत ती चक्क दक्षिणेला पडेल. एवढ्या अभ्यासाला एक काठी, एक मोजपट्टी आणि एक वही लागते. शाळेत पाठ केलेले अक्षांश-रेखांश परीक्षेनंतर विसरले जातील, परंतु स्वतः मोजलेली सावली सहसा विसरली जाणार नाही.

दुसरे उदाहरण पावसाचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. घराचे छप्पर ८० चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर ४०,००० लिटर पाणी छपरावरून वाहून जाते. घराला दिवसाकाठी २०० लिटर पाणी लागत असेल, तर हा हिशेब २०० दिवसांच्या पाण्याचा झाला. यातील काही भाग सांडणार, काही वाफ होऊन जाणार, हे खरे. तो किती, हाच पुढचा प्रश्न. क्षेत्रफळ व घनफळ ही प्रकरणे ज्या मुलाला रुक्ष वाटतात, त्याला टाकीच्या काठाशी उभे केले म्हणजे तीच प्रकरणे घरातील बायामाणसांच्या डोक्यावरील हंड्याशी जोडलेली आहेत, हे उमगते.

हा विचार नवा नव्हे. अमेरिकेत जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढून स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम यांच्या द्वारे विज्ञान आणि इतिहास शिकविण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमचा विचार मांडला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रम आणि विद्या यांची सांगड घालून बहुजनसमाजातील हजारो मुलांना शाळेचे दार उघडून दिले. पुढे कोठारी आयोगाने, १९६४ ते १९६६ या काळात, कार्यानुभवाची शिफारस केली. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला. पण त्या तासाचे पुढे काय झाले, हे आपण सर्वजण जाणतो. कागदी फुले आईने रात्री जागून करावयाची आणि मुलाने सकाळी नेऊन दाखवावयाची! गुण मुलाला मिळाले, अनुभव आईला मिळाला.

याहून निराळे काय करता येते, हे पाहावयाचे असेल तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावाकडे पाहावे. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले आणि एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. कलबाग नोकरी सोडून या अवर्षणप्रवण गावी आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शिकणे ही माणसाची स्वाभाविक वृत्ती आहे आणि हातांनी खरे काम करता करता बुद्धी धारदार होते, या विश्वासावर त्यांनी आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय रचला. आठवड्यातील एक दिवस मुले वर्गाबाहेर काम करतात. या कामाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. शिकविणारे बहुधा त्याच परिसरातील कुशल कारागीर असतात. तयार होणारी वस्तू किंवा दिली जाणारी सेवा गावातील कोणाला तरी खरोखर हवी असते. फाटकाचे वेल्डिंग असो, मातीची परीक्षा असो वा रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी असो, ते काम चुकले तर तांबडी शाई वहीवर उमटत नाही. ज्याचे काम असेल तो माणूस समोर येऊन उभा राहतो. या एका गोष्टीने मुलांच्या अंगी जी जबाबदारी येते, ती उपदेशाने येत नाही.

पाबळच्या पद्धतीतील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चारही विभाग सर्वांना सारखेच असतात. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाक शिकतो. वर्गात जो ‘ढ’ म्हणून मागे बसविला जातो, तो पुष्कळदा पान्हा हाती आला की पुढे येतो, आणि पहिल्या बाकावरील विद्यार्थी त्याला विचारू लागतो. मुलामुलांतील ही उलथापालथ निकोप आहे. ती आपण घडू दिली पाहिजे.

आता मी माझ्या विषयाच्या अवघड भागाकडे वळतो. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना तो टाळून चालणार नाही.

कामातून शिक्षण म्हटले की आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्या मंडळींना जुनी रीत आठवते. मुलगा बापाच्या शेजारी बसे आणि पाहता पाहता कसब शिके. बलुतेदारीच्या काळी प्रत्येक घर ही एक शाळाच होती, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु त्या शाळेत प्रवेश जन्माने मिळे आणि बाहेर पडण्याचे दारही जन्मानेच बंद होई. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, लोहाराच्या मुलाने लोहार. आणि ज्यांच्या वाट्याला समाजाने हीन मानलेली कामे आली, त्यांच्या मुलांनी तीच कामे करीत राहावे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात कसब होते, परंतु निवड नव्हती.

याविषयी मद्रास राज्याचा इतिहास उद्बोधक आहे. १९५३ साली तेथील मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरच्या व्यवसायाचे काम शिकावे, असे तिचे स्वरूप होते. लोकांनी तिला ‘कुलशिक्षण’ असे नाव दिले आणि प्रचंड विरोध केला. जी मुले पिढ्यान्‌पिढ्यांनंतर प्रथमच शाळेत येत होती, त्यांना पुन्हा बापाच्याच धंद्यात लोटणारी ही योजना आहे, असा आक्षेप होता. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले आणि ती योजना मागे घेतली गेली. राजाजींच्या हेतूविषयी मतभेद असू शकतील. परंतु लोकांची भीती निराधार नव्हती.

यावरून मी असे म्हणतो की, वर्गाबाहेरील शिक्षणाची पहिली कसोटी हीच असावी : ते मुलाला घरच्या उंबरठ्याबाहेर नेते की त्याच उंबरठ्याशी बांधून ठेवते? दुकानदाराच्या मुलाने शेतात जावे, शेतकऱ्याच्या मुलीने औषधशाळेत, कारकुनाच्या मुलाने कुंभाराच्या चाकापाशी. आपण ज्यांना केवळ ‘कारागीर’ म्हणून दाराबाहेर उभे करतो, त्यांच्या दारी आपल्या मुलाने शिष्य म्हणून जावे. माती मळण्यात किती विद्या आहे, हे एकदा स्वतःच्या हातांना कळले म्हणजे कोणत्याही कामाला हलके म्हणण्यास जीभ रेटत नाही. समतेचा हा धडा पुस्तकातून मुलांना आपण अनेक वर्षे देत आलो आहोत; तो हातांतून देण्याची वेळ आता आली आहे.

दुसरी कसोटी अशी की, शिक्षण आणि राबवणूक यांत गल्लत होऊ नये. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, असे ड्युई यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात बजावले आहे. दिवसभर खोकी उचलणारा मुलगा दमतो, शिकत नाही. मुलाने काम करावे, मोजावे, लिहावे आणि ते दुसऱ्याला समजावून सांगावे. या चार गोष्टी घडल्या तरच तो अनुभव शिक्षण ठरतो. मुलाला मजूर म्हणून राबवणे, किंवा धोक्याच्या यंत्रापाशी त्याला एकटे सोडणे, हा कायद्याचाही भंग आहे आणि माणुसकीचाही.

आता पालकांच्या मनातील रास्त शंका घेऊ. याने गुण कमी होतील काय? मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यातील मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत. परीक्षेत पुस्तक व वही उघडून बसण्याची मुभा असे आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. पुढे तो कित्येक जिल्ह्यांत पसरला, पण २००२ साली शासनाने तो बंद केला. चांगले प्रयोगही आपोआप टिकत नाहीत. समाज त्यांच्या पाठीशी उभा राहावा लागतो, हे त्यावरून दिसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्यापाशी शिकावे, असे सुचविले आहे. पण धोरणातील दहा दिवस आपोआप मुलांच्या वाट्याला येत नाहीत. आणि गुणांविषयी म्हणाल, तर आठवड्यातील एका रविवारच्या चार तासांनी कोणाचेही वर्ष बुडाल्याचे मी माझ्या शिक्षकी पेशात पाहिलेले नाही.

आता मंडळापुढे माझ्या नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना. आपल्या सभासद-यादीत नाव, पत्ता आणि व्यवसाय छापलेला असतो. आजवर या यादीचा उपयोग बहुतांशी सोयरीक जुळविण्यासाठी झाला. तीच यादी आता शाळा म्हणून वापरावी. शेतकरी, परिचारिका, छापखान्याचे चालक, वीजतंत्री, बँकेतील अधिकारी, जे कोणी वर्षातून सहा रविवार देऊ शकतील, त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. प्रत्येकाकडे तीनच मुले पाठवावीत. कोणतेही मूल स्वतःच्या घरच्या धंद्यात पाठवू नये.

दुसरी सूचना. गुरूंपैकी निम्मे तरी आपल्या ज्ञातीबाहेरचे असावेत आणि त्यांना मंडळाने मानपूर्वक मानधन द्यावे. ज्ञातीच्या पैशाने ज्ञातीची कुंपणे ओलांडली जावीत, यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. आपल्या पूर्वजांनी मंडळ काढले ते मुलांना बंदिस्त करण्यासाठी नव्हे, त्यांना शिक्षणाच्या मार्गाने बाहेर काढण्यासाठी.

तिसरी सूचना. मुलगे आणि मुली यांच्यासाठी कामांच्या निराळ्या याद्या करू नयेत. मुलींना शिवण आणि मुलांना विजेचे काम, अशी वाटणी झाली तर जुनाच पाठ नव्या वहीत उतरविल्यासारखे होईल.

चौथी सूचना. प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी. आज काय केले, काय मोजले, काय बिघडले आणि कोणता प्रश्न सुटला नाही, हे तिच्यात लिहावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या छायाचित्रांशेजारी या वह्यांतील चार-सहा पाने छापावीत. ज्या मुलाचे नाव गुणांच्या यादीत कधीच येणार नाही, त्याचे नाव त्या पानांवर यावे. त्या मुलाच्या आईवडिलांना काय वाटेल, याची कल्पना आपण करावी.

या कामास मोठा निधी लागत नाही. थोडा वेळ आणि घराचे दार उघडे ठेवण्याची तयारी मात्र लागते. कार्यकारी मंडळाने आठवी-नववीतील वीस मुलामुलींपासून प्रारंभ करावा. मीही माझे सहा रविवार आजच कार्यवाहांकडे नोंदवीत आहे.