विहीर आणि शोषखड्डा
(सरपंच व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



स्वच्छतेवर बोलावयाचे म्हटले की झाडू आठवतो. आज मी झाडूविषयी फारसे बोलणार नाही. मला बोलावयाचे आहे ते आपल्या वाडीतल्या विहिरीविषयी.

अष्टागरात, चौल-रेवदंड्यापासून थळ-किहीमपर्यंत, घर, विहीर आणि नारळी-पोफळी एकाच कुंपणात नांदतात. पूर्वी परसाकडे दूर जावे लागे. आता शौचालय घराला लागून आले. एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला, ही मोठीच मजल होय. परंतु नवा खड्डा अनेकदा जागेअभावी जुन्या विहिरीच्या शेजारी खणला गेला. येथील जमीन रेताड. तिच्यातून पाणी झरझर पाझरते. पावसाळ्यात भूजल वर येते आणि खड्ड्याचा तळ पाण्याला टेकतो. पाणी दिसावयास नितळ, चवीलाही गोड. म्हणूनच ते अधिक फसवे. खड्डा व विहीर यांत 10 मीटरचे अंतर ठेवावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. रेताड, ओल्या जमिनीत तेवढ्यावर विसंबू नये.

याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली विनोबांचा जन्म झाला. 1946 साली ते खांद्यावर फावडे टाकून पवनारहून शेजारच्या सुरगावी मैला उचलावयास जाऊ लागले आणि कितीतरी दिवस नियमाने जात राहिले. मैला मातीआड केला की त्याचे सोनखत होते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी दाखविले. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचे तत्त्व तेच आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातले खत निर्धास्तपणे काढता येते. आपल्याकडे मात्र दोन्ही खड्डे एकदमच जोडलेले आढळतात. गवंड्याला दोष देऊन भागणार नाही. त्याला कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते. पण कोकणच्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर लवकरच निकामी होते. चांगली पावडर 1000 लिटर पाण्यास सुमारे 2.5 ग्रॅम पुरते. पाणी तासभर तसेच ठेवावे आणि मगच भरावे. पावडर टाकल्याची नोंद वहीत असते. पाण्यात क्लोरीन उरला की नाही, याची तपासणी क्वचितच होते. घरात शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पिण्याचे पाणी ओगराळ्याने काढणे, हे तर आहेच. मासळी निवडणाऱ्या आमच्या कोळी भगिनींना हे हात धुण्याचे पाणी बंदरावरच मिळाले पाहिजे. ते ग्रामपंचायतीचे काम आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. सातवीच्या मुलांच्या हाती मोजपट्टी द्या. प्रत्येक वाडीतली विहीर आणि खड्डा यांतील अंतर त्यांना मोजू द्या, गावाचा नकाशा काढू द्या आणि तो मे महिन्यात, पावसाच्या आधी, ग्रामसभेत भिंतीवर लावा. कोणाची विहीर प्रथम तपासावयाची, हे सरपंचांनी त्या नकाशावरून ठरवावे.