दफ्तरांच्या वाटेने

इतिहास लिहिण्याचा सर्वांत लांबचा रस्ता मूळ कागदांतून जातो. कागद शोधायचा, मालकाचे मन वळवून मिळवायचा, वाचायचा, ताडून पाहायचा, विधान त्यानंतर. मराठीत हा रस्ता हट्टाने धरणारे वि. का. राजवाडे रायगड जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि माला पुढे २२ खंडांपर्यंत गेली.

बखरी हाताशी होत्या, ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास होता. त्यांवरून एखादा ग्रंथ सहज उभा राहिला असता. राजवाडे मात्र गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दफ्तरे पाहत राहिले. कागदांचे रुमाल वाळवीने खाल्लेले असत, आणि वतनाचा कागद परक्याच्या हाती देण्याची लोकांना धास्ती वाटे.

कागद मिळाला तरी काम निम्मेच होई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही. पत्राच्या शेवटी ‘छ’ हे चिन्ह, त्यापुढे चंद्राची तिथी आणि मुसलमानी महिना एवढेच असे. सालाचा पत्ता पुष्कळदा नसेच. साल असले तर ते ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांत. एक, साठ, शंभर, हजार मिळून ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. पण ही कालगणना, म्हणजे सुहूर सन, मृग नक्षत्रापासून, पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो, म्हणून जानेवारीतले पत्र १७६१ चे ठरते, आणि १४ जानेवारी १७६१ ला तर पानिपत झाले. पत्र युद्धाआधीचे की नंतरचे, हे अशा हिशेबावर अवलंबून. हा हिशेब टाळून लिहिलेला इतिहास कितीही रसाळ असला तरी भरवशाचा नव्हे.

राजवाड्यांनी जिथे घाई केली तिथे तेही चुकले. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आणि अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी नाकारली. छापून ठेवलेली साधने मात्र आजही अभ्यासकाला लागतातच. १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचे निधन झाले. मराठ्यांचा सलग इतिहास त्यांच्या हातून लिहून झाला नाही, पण पुढे ज्यांनी लिहिला त्यांच्या पायाखाली ही साधने होती.

राजवाड्यांच्याच रायगड जिल्ह्यातल्या कामोठ्यासारख्या नव्या वसाहतीत असे काम उरलेले नाही, असा समज सोयीचा आहे, खरा नाही. ही वसाहत उभारणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी इथे गाव होते, भातशेती होती, खाडी होती. भूसंपादनाच्या नोटिसा, जुने सातबारा, वाटणीपत्रे, लग्नपत्रिका घराघरांतल्या ट्रंकांत असतात. खाचरांची आणि बांधांची नावे मात्र बहुधा कागदावर नसतात. ती जुन्या माणसांच्या तोंडी असतात. आगरी बोलीतली ही नावे उच्चारासह टिपणे, सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख लिहिणे, दोन घरांत वेगळे सांगितले गेले तर दोन्ही नोंदवणे, आणि जुन्या गावनकाशाशी जुळवून पाहणे, हे इथल्या लेखकाचे पहिले काम आहे. कादंबरी त्यानंतर लिहिता येईल. ती नावे जिभेवर असलेली पिढी आता थकली आहे.