माळरानावरचे गवत आणि सूर्याची ऊर्जा

सोलापूरजवळच्या नान्नजची किंवा बारामती तालुक्यातील सुप्याची माळराने श्रावणात हिरवी होतात आणि दिवाळीनंतर पिवळी पडतात. सरकारी दप्तरात अशा पुष्कळ जमिनी ‘पडीक’ म्हणून नोंदल्या गेल्या असल्या, तरी धनगरांच्या मेंढ्या, काळवीट, चिंकारा आणि त्यांच्या मागावर असणारा लांडगा या साऱ्यांचे जगणे तेथे उगवणाऱ्या पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांवर उभे आहे.

गवताच्या पात्यातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते आणि त्या ऊर्जेच्या बळावर मुळांनी ओढलेले पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. सूर्याच्या ऊर्जेपैकी जेमतेम निम्मी या कामी येण्याजोगी असते, आणि वर्षभराचा हिशेब केला तर वनस्पतींच्या देहात साठणारा वाटा बहुधा एक टक्क्याच्या आसपासच राहतो.

कोरड्या, तापलेल्या प्रदेशात हे काम अधिकच अवघड असते. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पानावरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडी ठेवावी लागतात, आणि ती उघडी राहिली की पाणी उडून जाते. शिवाय कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, उष्णतेत चुकून ऑक्सिजनच पकडू लागते आणि कमावलेली ऊर्जा वाया जाते. माळावरच्या या गवतांनी त्यावर मोठा विलक्षण उपाय साधला आहे. त्यांच्या पानात कार्बन आधी एका वेगळ्या विकराकडून चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधला जातो, ते आम्ल शिरांभोवती कड्यासारख्या रचलेल्या पेशींत पोहोचते आणि तेथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होऊन रुबिस्कोभोवती इतका दाटतो की ऑक्सिजनला फारसा वाव उरत नाही. हा मार्ग हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात 1966 मध्ये उलगडला, तो उसाच्या पानांवर प्रयोग करून. ऊस हे गवतच आहे, आणि सोलापूरच्या शेतात कमी पाण्यावर तग धरणारी ज्वारीही याच मार्गाने वाढते. गहू आणि भात मात्र जुन्या, साध्या मार्गाचे आहेत.

तयार झालेल्या साखरेचा मोठा भाग सेल्युलोजमध्ये, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत, बांधला जातो. या साखळ्या तोडणारा पाचकरस मेंढीजवळही नसतो. तिच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात, कोटीपोटात, राहणारे असंख्य सूक्ष्मजीव हे काम करतात. मेंढी भराभर चरते, मग सावलीत बसून गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चघळते. या रवंथामुळे बारीक झालेल्या तंतूंवर सूक्ष्मजीव चढतात आणि हवेविना ते आंबवून ॲसेटिक आम्लासारखी आम्ले सोडतात. मेंढीला मिळणारी बहुतेक ऊर्जा हीच आम्ले पुरवतात, आणि पुढच्या कप्प्यांत वाहून गेलेले सूक्ष्मजीव पचून तिला प्रथिनेही मिळतात. इकडे चरलेले गवत मरत नाही, कारण पात्याची वाढ टोकाकडून नव्हे तर बुडाकडून होते.

प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा बराच भाग उष्णता होऊन निघून जातो. अमेरिकेतील लिंडेमन यांनी 1942 मध्ये तळ्याच्या अभ्यासातून हा हिशेब मांडला. त्यानंतर एका पायरीवरून पुढच्या पायरीवर सुमारे दहा टक्के ऊर्जा पोहोचते, असा ढोबळ आडाखा रूढ झाला, आणि शरीर उबदार ठेवणाऱ्या प्राण्यांत हा वाटा त्याहूनही पुष्कळ कमी असतो. त्यामुळे लांडग्यांच्या एका लहानशा कळपालाही विस्तीर्ण माळ लागतो. अशा माळावर चर खणून दाट झाडे लावणे ही सुधारणा नव्हे, कारण ही गवते भर उन्हासाठी घडलेली आहेत. सावली दाटू लागली की ती विरळ होतात आणि चिंकाऱ्याचा व मेंढ्यांचा चाराही त्यांच्याबरोबर आटत जातो.