गोळी, गहू आणि मार्चएन्ड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दहावी १९८७ च्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘दहा मिनिटं आरोग्यावर बोल, पण डॉक्टरसारखं बोलू नकोस.’ ती भीती नको. मी बँकेत नोकरी करते आणि शाळेत विज्ञानात मला किती मार्क पडायचे, हे समोर बसलेल्या सरांना चांगलं आठवत असेल. मात्र गेल्या काही वर्षांत माझ्याच शरीराने माझा जो तास घेतला, त्याची उजळणी आज तुमच्यासमोर करते. आपल्या वयाच्या बायका चौघी जमल्या की एकीच्या तरी पर्समध्ये थायरॉईडची गोळी निघतेच. तेव्हा विषय अगदी परका नाही.

मला २०१० मध्ये थायरॉईड निघाला. प्रकार हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती गळ्यातल्या ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथीचं काम मंदावत जातं. उपाय काय, तर रोज सकाळी एक गोळी. मला वाटलं, एवढंच ना! पण माझ्या ५० च्या गोळीची ७५ झाली, ७५ ची १००, १०० ची १२५. टीएसएच काही खाली उतरेना. डॉक्टर विचारायचे, ‘रिकाम्या पोटी घेता ना?’ मी मान डोलवायची. खरं सांगायचं तर एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर. काम एकदाचं उरकलं म्हणजे झालं!

मग आली नोटाबंदी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री घोषणा झाली, ९ तारखेला बँका बंद होत्या आणि १० तारखेला शाखेचं शटर उघडलं, तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या रस्त्यावर गेली होती. त्या शनिवार-रविवारीही आम्ही काउंटरवर होतो. ३० डिसेंबरपर्यंत जेवणाची वेळ अशी नव्हतीच. समोसा, बिस्किटं, पाव, मिळेल ते उभ्याउभ्या खायचं. मला सतत पोट बिघडल्यासारखं व्हायचं, केस गळायचे, जिना चढताना धाप लागायची. पण त्या दिवसांत शाखेत दमलेलं कोण नव्हतं? सगळे दमलेले, त्यात माझं दमणं कोणाच्या नजरेत भरणार? माझ्याही भरलं नाही. त्यालाच लागून मार्चएन्ड आला. ३१ मार्चच्या रात्री ताळे जुळवताना मी खुर्चीवरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सहकाऱ्यांनी धरलं म्हणून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८. आणि लोहाच्या गोळ्या तर मी वर्षभर खात होते!

तिथे एका तरुण डॉक्टरबाईंनी माझी जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाल्या, ‘थायरॉईडची गोळी लागू पडत नाही, लोह लागू पडत नाही. मग ते जातंय कुठे? आतडं नीट शोषून घेतंय का, ते बघू.’ त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, पुढे एन्डोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला. निदान झालं सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअ‍ॅक असलेल्याने ते खाल्लं की प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्न शोषून घेणारी तिथली बारीक लव झिजते. हाशिमोटो असणाऱ्यांमध्ये हा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो, कारण दोन्हीकडे आपलीच फौज आपल्यावर उलटलेली असते.

उपचार एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, पोळीने कुणाला काही होतं होय?’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हे कोडं भल्याभल्यांना सुटत नव्हतं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला आणि या विकाराची मुलं मात्र सुधारली. तेव्हा तो संशय पक्का झाला.

आता मला जे बोलायचं आहे, ते थोडं अवघड आहे. आपल्या वर्गात डबा खायला मुली गोल करून बसायच्या. आम्हा वकील, डॉक्टर, नोकरदारांच्या मुलींच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. वस्तीवरून चालत येणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीच्या फडक्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. ती झाकण आडवं धरून खायची. का, ते आपल्याला ठाऊक होतं, कारण एकदा आपण हसलो होतो. त्या हसण्यात मी होते. ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे.

निदान झालं तेव्हा मला भाकरी येत नव्हती. सोलापूर जिल्ह्यात जन्मले, पण हाताला फक्त पोळीची सवय. पहिल्या आठवड्यात परातीतच भाकरीचे नकाशे व्हायचे. आपल्या तुकडीच्या ग्रुपवरून हिचा नंबर काढला आणि तीस वर्षांनी फोन केला. मी काय झालंय ते सांगत होते, तर तिने मध्येच विचारलं, ‘पीठ कधीचं आहे?’ म्हटलं, महिन्याचं. ‘मग विरी गेली असणार त्याची. थोडं थोडं दळून आण, उकळतं पाणी घाल आणि मळायला कंटाळू नको.’ गव्हाच्या कणकेला ताण येतो, तो ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून ती चिरते आणि म्हणून गरम पाणी आणि मनगट लागतं, हे विज्ञान मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिने फोनवर शिकवलं. पुढच्या एसटीने मालदांडी ज्वारी पाठवली, ती वेगळीच. त्या हसण्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. आज सगळ्यांसमोर पुन्हा मागते.

भाकरी जमली म्हणजे सगळं जमलं, असं मात्र झालं नाही. दोन-तीन महिने पथ्य पाळूनही पोटाची तक्रार राहिली. आहारतज्ज्ञांनी स्वयंपाकघरातली प्रत्येक डबी-पुडी घेऊन यायला सांगितलं. चोर सापडला हिंगाच्या डबीत! बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ते डबीवर छापलेलं होतं. रोजच्या वरणाच्या फोडणीतून मी गहू खात होते. दुसरा चोर गिरणी. गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळले की तेच पीठ माझ्या ज्वारीत उतरायचं. आता घरघंटीवर फक्त ज्वारी, तांदूळ, नाचणी दळतो आणि घरच्यांचे गहू बाहेरच्या गिरणीत जातात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, कुरडया गव्हाच्या असतात, रवा आणि शेवयाही आल्याच. आपल्याकडच्या धपाट्यांतसुद्धा मूठभर कणीक पडते. समोसा तळलेल्या तेलात साबुदाणावडा तळला, तर तोही मला चालत नाही.

सुरुवातीला लोकांना हे सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा यायचा. मी सरळ ‘उपवास आहे’ म्हणायची. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा सगळं ग्लुटेनशिवायचं, त्यामुळे निभावून जायचं. नात्यात माझी भाविक म्हणून कीर्ती पसरली. पण एका लग्नात यजमानीणबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम उपवासाचा चिवडा आणवला आणि तो शंकरपाळ्यांच्याच कढईत तळलेला निघाला. पुढचे दोन दिवस मी अंथरुणात होते. त्या बाईंनी प्रेमाने केलं होतं, खोटं मी बोलले होते. तेव्हापासून सरळ सांगते, ‘मला गहू चालत नाही, डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय.’ एवढ्या एका वाक्यात लोक समजून घेतात.

कामाच्या धबडग्यात हे कसं निभावतेस, असं मला नेहमी विचारतात. उत्तर आपल्या मातीतलंच आहे, कडक भाकरी! फेब्रुवारी संपता संपता ही आपली मैत्रीण कडक भाकरीचं पुडकं पाठवते. टेबलाच्या खणात भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ. मार्चएन्डला रात्री नऊ वाजता सगळे पिझ्झा मागवतात तेव्हा मी भाकरी मोडून दह्यात कुस्करते. आता दोघं-तिघं माझ्याच खणात हात घालतात. शिवाय रविवारी नाचणीचं आणि तांदळाचं पीठ मोजून डबे भरून ठेवते. ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेली महाग बिस्किटं अडीअडचणीपुरती. त्यांत बहुधा स्टार्च आणि साखरच जास्त असते. धान्य आलटूनपालटून खाते. बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणू शकणारे घटक असतात, म्हणून बाजरी एके बाजरी करत नाही. मीठ आयोडीनयुक्तच.

आणि गोळी? साडेपाचचा गजर, गोळी, नुसतं पाणी. चहा साडेसहाला. लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने, म्हणून ते दुपारी आणि रात्री. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी रविवारी भरते, म्हणजे ‘आज घेतली की नाही’ हा प्रश्न उरत नाही. डबी उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवत नाही. आतडं भरून आलं तशी गोळी जास्त शोषली जाऊ लागली, छातीत धडधड सुरू झाली आणि डॉक्टरांनी डोस कमी केला. १२५ वरून आज ८८ वर आहे. दर बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासते. हिमोग्लोबिन गेल्या खेपेला १२.४ होतं.

शेवटी दोन विनंत्या. पहिली, हे ऐकून उद्या कोणी पोळी सोडू नका. सिलिअ‍ॅक नसेल, तर गहू सोडल्याने थायरॉईड बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. आणि तपासणीआधीच गहू सोडला, तर असलेला सिलिअ‍ॅकही रक्तात दिसेनासा होतो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. दुसरी, ज्यांची गोळी नियमाने घेऊनही वाढतच चालली आहे, लोह घेऊनही रक्त वाढत नाही, पोट सारखं बिघडतं, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना टीटीजीबद्दल विचारा. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलं यांपैकी कोणाला सिलिअ‍ॅक असेल त्यांनीही विचारा. माझ्या मुलाची तपासणी केली. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मला झोप नव्हती. रिपोर्ट निगेटिव्ह आला.

मार्चएन्ड दरवर्षी येतो आणि ताळेही शेवटी जुळतात. माझी सात वर्षं मात्र ‘कामाचा ताण आहे, होईल बरं’ म्हणण्यात गेली. तुमची जाऊ नयेत, म्हणून हे बोलले.

जेवणाची वेळ झाली आहे. संयोजकांनी माझ्यासाठी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या तव्यावर भाकरीची सोय केली आहे आणि तव्यापाशी आपली तीच मैत्रीण उभी राहणार आहे. ज्यांना भाकरी हवी, त्यांनी माझ्या मागे रांगेत उभं राहावं. फक्त हाताला पोळी लागली असेल, तर आधी हात धुऊन या!