मनाची सारवासारव

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ, खडी, स्लीपर यांवर बोला म्हटलं असतं तर तासभर बोललो असतो. कमिटीने मात्र 'मनाविषयी काहीतरी' असं सांगितलं. तेव्हा जे वाचलं ते आपल्या तंजावूरशी जोडून सांगतो.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 साली 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'चा सिद्धांत मांडला. मराठीत त्याला बोधात्मक विसंवाद म्हणतात. शब्द जड, अर्थ घरातलाच. आपलं वागणं आणि आपली समजूत यांचं जमेनासं झालं की मनाला टोचतं. वागणं बदलायला कष्ट पडतात, म्हणून आपण समजूत बदलतो.

या विचाराचं बीज आपल्याच देशातलं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झाले. जिथे धक्के बसले पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या अफवा जमुना प्रसाद या अभ्यासकाने गोळा केल्या. याहून मोठा भूकंप होणार, प्रलय येणार! वाचलेल्या माणसांनी धीराच्या गोष्टी सांगाव्यात, तर त्या भीतीच्याच. फेस्टिंगरने ताडलं की छातीत धडधड आहे आणि समोर कारण दिसत नाही, म्हणून मन कारण तयार करतंय.

1959 मध्ये त्याने आणि कार्लस्मिथने विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं आणि पुढच्याला 'काम मजेचं आहे' असं सांगायला लावलं. त्याबद्दल काहींना 20 डॉलर दिले, काहींना 1. नंतर विचारल्यावर काम खरंच बरं वाटल्याचं सांगितलं ते 1 डॉलरवाल्यांनी! वीसवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. एकवाल्यांना ते मनातच उभं करावं लागलं.

आता आपले सरफोजीराजे दुसरे. 1798 साली गादी मिळाली ती कंपनीच्या पाठिंब्याने, आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वाडा आणि तनखा उरला. 1803 मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. त्यानंतर 1814 च्या सुमारास समुद्रकाठी सरभेंद्रराजपट्टिणमला आठ मजली मनोरा उभारला, तो कशासाठी? नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. तिथल्या लेखात राजे इंग्रजांचे मित्र आहेत.

ही लाचारी होती असं मी म्हणणार नाही. पाद्री श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढलेल्या माणसाचा इंग्रजांविषयीचा स्नेह खरा असू शकतो. पण ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्या विजयाचा मनोरा बांधायचा, तर ते आपले मित्रच असले पाहिजेत. राज्याच्या मानाने तनखा म्हणजे तो 1 डॉलरच, असं मला वाटतं. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी जे वैभव दिलं त्याचं मोल याने कमी होत नाही.

आमच्या खात्यात हा 1 डॉलर रोज दिसतो. फाटक बंद असतं, तरी माणूस सायकल आडवी करून खालून जातो. वाचतात किती, तर पाच मिनिटं. पाच मिनिटांसाठी जीव धोक्यात घातला असं स्वतःला कसं सांगणार? मग 'गाडी अजून लांब आहे', 'वीस वर्षं जातोय'. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी इमर्जन्सी ब्रेक लावूनही शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. आणि आपण ओरडलो की तो जास्तच ठासून सांगतो, कारण आता त्याला आपल्यालाही पटवायचं असतं.

म्हणून मी हल्ली ओरडत नाही. एवढंच विचारतो, ''तुमच्या मुलाला असंच जायला सांगाल?'' बरेचजण न बोलता मागे सरकतात. एकजण मात्र सायकल आडवी करता करता म्हणाला, ''छे सार, तो लहान आहे, त्याला अंदाज येत नाही.''